पूल वर असताना

बोटींना वाट द्यायला पूल वर गेला की गाड्यांची रांग पार मागच्या रेल्वे फाटकापर्यंत लागायची. त्या सकाळी रांगेत पहिली स्कूटर तिची होती, आडव्या दांड्याला पुढचं चाक टेकवून उभी. खालच्या पाण्यातून एक टगबोट दगडांनी भरलेला बार्ज ओढत चालली होती... इतक्या सावकाश, की जेवण करून शतपावलीला निघाल्यासारखी.

"अहो टगवाले, जरा पाय उचला की!" तिच्या तोंडून निघून गेलं.

टगच्या खिडकीतून एक डोकं बाहेर आलं. उन्हानं रापलेला चेहरा, दोन दिवसांची दाढी.

"पाय नाहीत हो हिला, नाहीतर उचलले असते!"

मागचे दोघं-तिघं खो-खो हसले. तिला मात्र हसू येईना. आठवड्यात चौथ्यांदा उशीर होत होता.

"रोज आमच्याच वेळेला कसे हो येता?"

"रोज कुठे? भरती असेल तेव्हा येतो. पाणी कमी असलं तर हे ओझं गाळात रुतेल. वेळ बदलून हवी असेल तर चंद्राशी बोला!"

"द्या मग नंबर त्याचा!"

आता तो हसला. बार्जवरची उंच क्रेन उघड्या पुलामधून पुढे सरकली, तरी तो मागे वळून बघतच होता.

ती एका लॅबमध्ये कवळ्या बनवायची. डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे, त्यावर ती मेणात एकेक दात बसवायची. कुणाचे हसताना बरे दिसतील, कुणाला भाकरी चावता येईल, असे. पण ती माणसं तिला कधी दिसायची नाहीत. मागच्या खोलीत ती, एक दिवा आणि टेबलावर ओळीनं मांडलेले जबडे. दिवसभरात बोलायची वेळ यायची ती मालकीणबाईंशी, आणि ती बहुतेक उशिराबद्दल.

घरी तर तेवढंही नाही. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. दादा दूरच्या शहरात. दर रविवारी त्याचा फोन यायचा. "बरी आहेस ना?" "बरी आहे." संपला फोन. दादा वाईट नव्हता, पण त्याला पुढचं विचारता येत नसे आणि तिला सांगता येत नसे.

तीनेक दिवसांनी पुलावर अडकली, तेव्हा पूल चालवणारे म्हातारे गृहस्थ काचेच्या केबिनमधून खाली उतरले. सगळे त्यांना पूलमामा म्हणत. त्यांनी तिच्या हातात एक घडी घातलेला कागद ठेवला.

"टगवाल्यानं दिलाय. 'तावातावानं बोलतात त्या बाईंना द्या' म्हणाला. मी लगेच ओळखलं."

कागदावर पुढच्या पंधरा दिवसांचे आकडे होते. कोणत्या तारखेला, किती वाजता टग पुलाखालून जाणार. खाली वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं – 'चंद्र फोन उचलत नाही. तोवर हे ठेवा.'

ती हेल्मेटच्या आत हसली. कुणी बघितलं नाही, बरं झालं.

आठवडाभर ती अगदी वेळेवर पोचली. मालकीणबाई खूष. पण मोकळ्या पुलावरून भर्रकन जाताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं... काय, ते तिचं तिलाच कबूल करायचं नव्हतं. नवव्या दिवशी तिने कागद नीट वाचला आणि घरातून वीस मिनिटं लवकर निघाली. पूल वर जायच्या वेळेला बरोबर दांड्यापाशी हजर!

"अडकलात वाटतं?" खालून आवाज आला.

"अडकले."

"कागद हरवला का?"

"नाही... अक्षर लागलं नाही तुमचं."

पुढच्या कागदावर अक्षर चांगलं टपोरं आलं, तरी बाई अडकतच राहिल्या. पूलमामा एकदा म्हणाले, "काय हो, सगळं गाव पूल चुकवायला धडपडतं आणि तुम्ही पूल गाठायला धावता?" ती कानापर्यंत लाल झाली. मामांनी मिशीतल्या मिशीत हसून घेतलं.

एका रविवारी, ठरल्याप्रमाणे, तो पायी पुलावर आला. टपरीवरचा चहा घेऊन दोघं कठड्याला टेकून उभे राहिले. जवळून तो वेगळाच वाटला, जरा बुजरा. ओरडून बोलायची सवय, त्यामुळे हळू बोलताना अडखळायचा.

"तुम्ही काय करता?"

"दात करते."

"कुणाचे?"

"ज्यांचे पडलेत त्यांचे. तुमचे पडले की या."

"तोवर नाही यायचं?"

ती चहात बघत राहिली. तो म्हणाला, "सात वर्षं टगवरच झोपतो मी. पंचवीसेक बंदरं झाली असतील. पण सगळी गावं मला खालूनच माहीत. पुलांची पोटं तेवढी बघितलीत. वर कोण उभं असतं, कधी कळलं नव्हतं."

पुढच्याच आठवड्यात ती तापानं आडवी झाली. तीन दिवस. पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतःच उठून भरायचा. मालकीणबाईंचा एक फोन आला, साचे कुठे ठेवलेत हे विचारायला. तिसऱ्या दिवशी छताकडे बघताना तिच्या मनात आलं, की आपण उद्याही उठलो नाही, तर रविवारपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही.

चौथ्या दिवशी ताप पुरता उतरला नव्हता, तरी ती निघाली. पूल वर होता. टग खाली आली आणि एकाएकी भोंगा वाजला, इतका मोठा की कठड्यावरची कबुतरं उडाली. तो खिडकीतून अर्धा बाहेर आला होता.

"तीन दिवस कुठे होतात?"

सगळी रांग ऐकत होती. तीन दिवस! त्यानं मोजले होते. तिने हेल्मेटची काच खाली ओढली आणि पूल पुन्हा खाली येईपर्यंत काचेआड रडून घेतलं.

संध्याकाळी तो पूलमामांच्या केबिनपाशी थांबला होता. आधी ताप, डॉक्टर, औषध, सगळं खोदून खोदून विचारलं. मग मुद्द्यावर आला.

"ज्या धक्क्यासाठी दगड आणत होतो, त्याचं काम संपलं इथलं. सोमवारी टग दुसऱ्या बंदरात न्यायचीय. आठ महिने लागतील तिथे." त्यानं तिच्याकडे बघितलं. "मग मी परत येईन. इथल्याच बंदरात जागा मागितलीय. तुम्ही... थांबाल का माझ्यासाठी?"

आईसुद्धा 'येतेच चार दिवसांत' म्हणून दवाखान्यात गेली होती.

"मला थांबायचा किती कंटाळा आहे, तुम्हाला माहीत आहे," ती कशीबशी म्हणाली.

"माहीत आहे. म्हणून तर विचारतोय." त्यानं जास्त आग्रह केला नाही. जाताना फोन नंबर देऊन गेला, तेवढाच.

रविवार तिने खोलीत येरझारा घालून काढला. सोमवारी सकाळी मनाशी पक्कं ठरवून ती निघाली, आणि पुलाच्या अलीकडे रेल्वे फाटकच पडलं! मालगाडी. एक डबा, दहा डबे, पन्नास डबे... मध्येच गाडी उभीही राहिली. डब्यांच्या फटींतून तिला पूल वर जाताना दिसला. जरा वेळानं तो खाली येतानाही दिसला.

फाटक उघडलं आणि ती सुसाट सुटली. पुलाच्या मधोमध गाडी थांबवून तिने कठड्यावरून पाहिलं. टग बरीच लांब गेली होती. तिने फोन लावला.

"मी फाटकात अडकले होते!"

"काय? इंजिनाचा आवाज आहे, मोठ्यानं बोला!"

मागे हॉर्नचा एकच कल्ला उडाला. टेम्पोवाला अर्धा बाहेर येऊन ओरडत होता.

"थांबेन!" ती ओरडली. "ऐकलंत का? मी थांबेन!"

"अहो ताई, थांबा की खुशाल," टेम्पोवाला म्हणाला, "पण बाजूला थांबा!"

फोनमधला इंजिनाचा आवाज एकदम कमी झाला. मग तो हळूच म्हणाला, "ऐकलं."

तिने गाडी बाजूला घेतली. टग वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत ती कठड्याला धरून उभी राहिली. शेजारून गाड्या आपापल्या कामाला निघून गेल्या.

संध्याकाळी ती घरी आली. खोल्या होत्या तशाच होत्या, आवाज नसलेल्या. आठ महिने त्या तशाच राहणार होत्या. चपलाही न काढता तिने दादाला फोन लावला.

"आज सोमवार ना? काय गं, काय झालं?" दादा घाबरून गेला. "बरी आहेस ना?"

"दादा," ती म्हणाली, "कामात आहेस का? असलास तर सोड. आणि जरा बस... सांगायला वेळ लागणार आहे."