बुधवारी गाडी येत नाही

कचऱ्याच्या गाडीची धून वळणावर ऐकू आली तेव्हा सूयूनच्या एका हातात कचऱ्याची पिशवी होती, दुसऱ्या हातात खरकट्याची बादली आणि काखेत कुत्र्याचं पिल्लू. छत्री धरायला हात उरला नव्हता, त्यामुळे पाऊस होताच. चीलोंगसारख्या बंदरगावात तो तसाही असतो. डोंगरउतारावरच्या त्या गल्लीच्या पायऱ्या ती धडपडत उतरली, आणि गाडीपाशी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की तीन गोष्टींपैकी दोनच फेकायच्या आहेत आणि घाईत चूक होऊ शकते.

"जरा धरता का?" असं म्हणून शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात तिनं पिल्लू कोंबलं.

पिशवी गेली, बादली रिकामी झाली. वळून बघते तर पिल्लू त्या माणसाच्या छातीशी डोळे मिटून बसलेलं, आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर एक पिवळसर ओघळ सावकाश खाली निघालेला.

"शाब्बास रे माझ्या राजा," सूयून हरखून म्हणाली. "किती छान शू केलीस. बाहेर केलीस ना?" खिशातून सुक्या माशाचा तुकडा काढून तिनं पिल्लाला भरवला.

"आणि मला?" माणसानं विचारलं.

"तुम्ही काय केलंत?"

"मी हललो नाही."

हे खरं होतं. सूयूननं जरा विचार केला आणि त्यालाही एक तुकडा दिला. त्यानं तो खाल्ला. एवढ्यात गाडी धून वाजवत पुढच्या वळणाला गेली, लोक पांगले, आणि त्या माणसाचं नाव विचारायचं राहून गेलं. पुन्हा काही हा भेटायचा नाही, असं सूयूननं जिना चढता चढता स्वतःला सांगून टाकलं.

तिला प्रत्येक गोष्टीचा शेवट आधी दिसत असे, आणि तो वाईटच असे. ज्याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं तो गृहस्थ वसंतात निघून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "तुझ्याबरोबर राहणं म्हणजे रोज वादळाचा इशारा ऐकणं." मग मोठ्या बहिणीनं भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यातून हे काळंभोर पिल्लू आणून दिलं. घरात कुणीतरी हवं, म्हणाली. 'काळा ड्रॅगन' म्हणवणाऱ्या चहावरून त्याचं नाव ऊलोंग ठेवलं. ऊलोंगनं पहिल्या आठवड्यात गादी, उशी आणि तळमजल्यावरच्या घरमालकिणीच्या चपला अशा क्रमानं घर आपलंसं केलं.

घरमालकीण छाय मावशी म्हणाल्या, "शरदाच्या पौर्णिमेपर्यंत जिन्यातला वास जायला हवा. नाहीतर एकतर कुत्रं जाईल, किंवा कुत्रं आणि तू."

जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "पिल्लाला वेळापत्रक लावा. खाणं, फिरणं, झोपणं, सगळं रोज ठरल्या वेळी. आणि बाहेर उरकलं की तिथल्या तिथं कौतुक करा. तेच त्याच्या डोक्यात बसतं."

तेच बसलं. दुसऱ्या संध्याकाळी सूयून ऊलोंगला घेऊन खाली उभी राहिली तर तो ढिम्म हलेना. धून वाजली मात्र, त्यानं खांबापाशी पाय फाकवले. तो माणूसही आला होता. आज शर्ट काळा होता.

"खबरदारी घेतलीय," तो म्हणाला.

गाडी थांबते तेवढ्याच वेळात प्रेमात पडायचं म्हणजे हप्त्याहप्त्यानंच पडावं लागतं. एका संध्याकाळी कळलं, त्याचं नाव बोयेन. दुसऱ्या संध्याकाळी कळलं, तो दूर दक्षिणेला, काओशुंगला नोकरी करतो, इथं रजेवर आलाय. तिसऱ्या संध्याकाळी तो म्हणाला, "तुम्ही हसलात की आधी इकडंतिकडं बघता. कुणी पकडेल म्हणून का?" आणि गाडी निघून गेल्यामुळं तिला उत्तर सुचायला पूर्ण दिवस मिळाला. तो तिनं आरशापुढं इकडंतिकडं न बघता हसून पाहण्यात घालवला.

"रजा कशाची?" शेवटी तिनं विचारलं.

"बाबा पायऱ्यांवर घसरले. कमरेचं हाड मोडलं. जन्मभर बंदरावर क्रेन चालवली, आणि पडले कुठं, तर दारात. ते चालायला लागले की मी परत जाणार."

"हो का," सूयून म्हणाली. तिला दिसायचं ते दिसलं होतं.

त्यानंतर ती रोज विचारी, "काकांचं कसं आहे?"

"आज उठून बसले."

"अरे वा," म्हणायची, आणि घरी जाऊन रडायची.

पण बुधवारी आणि रविवारी गाडी येत नाही, आणि हे ऊलोंगला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी तो धुनेची वाट बघत बसे, बसे, आणि अगदीच अनावर झालं की जिन्यात उरके. छाय मावशींनी पौर्णिमेची आठवण करून दिली.

"एवढंच ना?" बोयेन म्हणाला. "बाबांचा गाण्याचा स्पीकर आहे की घरात. बुधवारी मी गच्चीतून धून लावतो. तू याला घेऊन खाली उभी राहा." तो 'तू' म्हणाला होता. तिनं ते ऐकू न आल्यासारखं केलं आणि रात्रभर ऐकलं.

बुधवारी संध्याकाळी धून वाजली. ऊलोंग समाधानानं मोकळा झाला. आणि एकामागून एक दारं उघडली. गल्लीतली तमाम माणसं पिशव्या, बादल्या, रद्दीचे गठ्ठे घेऊन पायऱ्यांवरून धावत खाली आली. छाय मावशी केसांना रोलर लावून सगळ्यांत पुढं. सगळे पावसात रांगेत उभे राहिले. गाडी येईना.

"आज बुधवार आहे ना?" कुणीतरी म्हणालं.

"मग तू कशाला उतरलास?"

"मावशी उतरल्या म्हणून."

"मी धून ऐकली म्हणून उतरले. मी काय वार विचारून उतरते?"

वरच्या खिडकीतून लियाओ काका, म्हणजे बोयेनचे वडील, खो खो हसत होते. पडल्यापासून ते पहिल्यांदाच हसत होते, असं बोयेननं नंतर सांगितलं. हसण्यानं प्रकृतीला उतार पडतो असं म्हणतात. सूयून मनात दिवस मोजायला लागली.

छाय मावशींनी निवाडा दिला, "कुत्र्याच्या कानात वाजवायचंय ना? मग कानात वाजव. गल्लीच्या कानात नाही."

म्हणून मग बुधवारी आणि रविवारी बोयेन खाली येऊ लागला, सूयूनच्या छत्रीत उकिडवा बसू लागला, आणि ऊलोंगच्या कानाशी ती धून हलकेच गुणगुणू लागला. एका छत्रीत दोन माणसं आणि एक कुत्रं मावत नाही. दोघांचे बाहेरचे खांदे भिजत. आतले खांदे... एकमेकांना लागून असत, आणि कुणी ते बाजूला घेत नसे.

"त्याचं झालं," ती म्हणे.

"माझं कडवं राहिलंय," तो म्हणे.

जिन्यातला वास गेला. पौर्णिमेला मावशींनी ऊलोंगला भाजलेल्या मांसाचा तुकडा दिला. तिकडं काका काठी घेऊन खोलीभर चालू लागले. सूयून देवळात गेली. देवापुढं अननस ठेवला, उदबत्त्या लावल्या आणि मनात म्हणाली, लियाओ काका बरे व्हावेत, पण सावकाश. मग कौल मागायच्या लाकडी चंद्रकोरी जमिनीवर टाकल्या. दोन्ही सपाट बाजू वर. म्हणजे देव हसला, कौल दिला नाही. तिनं पुन्हा विचारलं. देव पुन्हा हसला. तिसऱ्यांदा विचारायची तिला लाज वाटली.

थंडी पडायच्या सुमारास एका शनिवारी कचऱ्याची पिशवी घेऊन स्वतः लियाओ काकाच पायऱ्या उतरले. काठी टेकत, एकेक पायरी, मागं बोयेन. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. सूयूननंही वाजवल्या. ऊलोंगचा पट्टा हातातून सुटला तरी वाजवत राहिली.

बोयेनला सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. रविवारी रात्रीच्या बसचं तिकीट काढून तो आला, शेवटचं गुणगुणायला. ऊलोंगचं लगेच उरकलं. तरी बोयेन छत्रीतून उठला नाही.

"तू तिकडं ये ना," तो म्हणाला.

"तिकडं गाडी किती वाजता येते?"

"गाडी येत नाही. कंपनीचं वसतिगृह आहे. कचरा तळघरात टाकतात."

"मग आपण भेटायचं कुठं?"

तो हसला, पण नीट हसू आलं नाही. "आणि तिथं कुत्री चालत नाहीत."

"याला आत्ता कुठं वेळापत्रक लागलंय," सूयून म्हणाली. ऊलोंगच्या ओल्या डोक्यावरून हात फिरवत ती जरा थांबली. "तुला एक सांगायचंय. मी देवळात मागितलं होतं... काका बरे व्हावेत, पण सावकाश."

बोयेननं ऊलोंगचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला.

"संध्याकाळचा व्यायाम त्यांना रोज सांगितला होता," तो म्हणाला. "मी... एक दिवसाआड घेत होतो."

एका म्हाताऱ्याच्या कमरेवरून अशा रीतीनं दोघांचं प्रेम जाहीर झालं. त्यानं तिचा हात धरला. गार होता, ओला होता, सुक्या माशाचा वास येत होता. त्यानं तो सोडला नाही. शेवटी वरून काकांनी हाक मारली, "अरे गाढवा, बस चुकेल."

"नववर्षाला येतो," जाताना तो म्हणाला.

"सगळेच नववर्षाला येतात," ती म्हणाली. "आणि तीन दिवसांनी जातात."

त्यानंतरच्या बुधवारी ती छत्री घेऊन खाली उभी राहिली आणि स्वतःच गुणगुणली. ऊलोंगनं तिच्याकडं सभ्यपणे पाहिलं. मग पायऱ्यांवर काठीचा आवाज आला. ऊलोंगचे कान ताठ झाले, शेपूट हलली. लियाओ काका होते. शेपूट थांबली.

"पोरगा सांगून गेलाय, बुधवारी आणि रविवारी," काका म्हणाले आणि घसा खाकरून गायला लागले. धक्क्यावर ओरडायला कमावलेला आवाज तो. पलीकडच्या खिडकीत कुणीतरी पिशवी उचलली आणि परत ठेवली. ऊलोंग वरच्या पायऱ्यांकडं बघत बसला.

"नाही पटत त्याला."

"सवय होईल," सूयून म्हणाली.

"तुला?"

तिनं छत्री काकांच्या बाजूला कलती केली. छत्रीवर पाऊस वाजत होता. काकांनी काठीनं एक पायरी ठोकून पाहिली.

"मी पडलो म्हणून आला होता तो," ते म्हणाले. "परत पडू का?"

थट्टाच होती ती. पण त्यांनी तिच्याकडं बघितलं तेव्हा थट्टा नव्हती. सूयूनला उत्तर द्यायला वेळ लागला. किती, ते तिनं पुढं कधी कुणाला सांगितलं नाही.

"नको, काका," ती म्हणाली.

पायऱ्या शेवाळल्या होत्या, निसरड्या होत्या. तिनं छत्री मिटून टाकली, म्हाताऱ्याचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरला, आणि त्यांना वर घेऊन निघाली.