दोरी सोडून हाक

"पुन्हा माझ्या नातवाचं नाव त्या तोंडातून काढलंस तर बघ!" असं ओरडत भिकीबाईंनी ओट्यावरची टोपली उचलली आणि भरलेलीच अंगणात भिरकावली.

चिकूच्या बिया भरून बूच घट्ट बसवलेल्या बाटल्या, डहाणूच्या किनाऱ्यावरून आणून धुतलेले शिंपले, रंगवलेल्या करवंट्या, जुन्या साडीच्या चिंध्यांचा हत्ती... सुषमाने दोन वर्षं सवडीने जमवलेला तो इवलासा संसार क्षणात धुळीला मिळाला! करवंट्या दगडावर आपटून असा काही खडखडाट झाला की ओट्यावरची सगळी पोरं दचकली, दोघा-तिघांनी भोकाड पसरलं. फक्त एक पोर दचकलं नाही. अंगणात पाठमोरा बसलेला दीड वर्षांचा बाळ्या मुंग्यांची रांग बघत होता, तो तसाच बघत राहिला.

सुषमाने ते पाहिलं. बाळ्याच्या आईने, शितलनेही पाहिलं... आणि पदर सावरायचं निमित्त करून मान फिरवली.

तलासरीकडच्या त्या पाड्यावर दर बुधवारी दुपारी सुषमाच्या ओट्यावर माता गट भरत असे. अंगणवाडीच्या दक्षाताईंनी दिलेला तक्ता भिंतीला लावलेला होता; कितव्या महिन्यात बाळ काय करतं, ते त्यात चित्रांनी दाखवलेलं. त्याप्रमाणे पोरांना खेळवायचं, एकमेकींना विचारायचं, चुकलं तर हसायचं आणि पुन्हा करायचं. आज त्याच तक्त्याखाली बसून सुषमा धाकट्या जावेला हलक्या आवाजात एवढंच म्हणाली होती, "शितल, पाठीमागे खुळखुळा वाजवला तर बाळ्या वळत नाही गं. त्याचे कान दाखवून घे."

"वळत नाही म्हणे!" सासू भिकीबाई हात नाचवत ओरडल्या. "रोज झोळीशी बसून मी हाक मारते, तेव्हा बरा माझ्याकडे बघून हसतो!"

"आई, हाक मारताना तुम्ही दोरी ओढता. झोळी हलली की तो बघतो. एकदा दोरी सोडून मारा ना हाक..."

"तू शिकवणार मला? चार पोरं वाढवली मी त्या झोळीत! नऊ वर्षं तुझी कूस रिकामी, म्हणून भरल्या घरात हे अभद्र सुचतं तुला! वाईट बोललेलं खरं होतं, ठाऊक नाही? माझ्या आईची तीन लेकरं अशीच लोकांच्या बोलण्याने गेली, म्हणून तर माझं नाव भिकी ठेवलं!"

आया एकेक करून उठल्या. जाता जाता कमळीने चिंध्यांचा हत्ती उचलून झटकला, सुषमाच्या हातात दिला आणि कुजबुजली, "ताई, रागावू नको हां. आता आमच्या घरचेही इथे येऊ देणार नाहीत."

सुषमा धुळीत बसून एकेक शिंपला वेचून टोपलीत आपटू लागली... दुःखाने नव्हे, रागाने! सोमवार, चतुर्थी, चैत्रातले देवीचे उपास, एकही व्रत तिने चुकवलं नव्हतं, आणि त्या व्रतांइतक्याच निष्ठेने तिने या घरात मौन पाळलं होतं. बारशाला तिला मागे उभं केलं, ती उभी राहिली. बाळ्याच्या पाचवीला तिने स्वयंपाक करायचा आणि पाटाशी मात्र यायचं नाही, तेही तिने केलं. स्वतःचा अपमान पचवायची तिला सवय होती. पण हा अपमान तिचा नव्हताच! कानाचं तिने पहिल्यांदा सांगितलं ते दिवाळीत. आता चैत्र उलटत आला होता. सहा महिने एक लेकरू निःशब्द काळोखात बसून होतं, आणि अशुभ बोलू नये म्हणून सारं घर त्या काळोखाला कवटाळून होतं!

संध्याकाळी दीर मिथुन रिक्षा लावून आत आला, तेव्हा भिकीबाईंनी रडून सगळं सांगितलं.

"वहिनी, तुम्हाला दुसरं काही मिळालं नाही बोलायला?" तो म्हणाला. "आमचे काका पण तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते."

"जाऊ दे ना आता, गप्प बस," तिचा नवरा मुकेश जमिनीकडे बघतच सुषमाला म्हणाला.

सुषमा हातातली परात खाली ठेवून ताठ उभी राहिली.

"अहो, नऊ वर्षं तुम्हीही गप्प बसलात नि मीही. त्याने कुणाचं भलं झालं? मला वांझ म्हणा, मी ऐकेन. पण पोराचे कान मानापमानात घालवाल, तर ऐकणार नाही!" तिचा आवाज चढला होता, त्या घराने तो कधी ऐकलाच नव्हता. "भाऊजी, बाळ्याला तपासायला न्या. कान चांगले निघाले, तर मी त्याच पावली सरावलीला माहेरी जाईन, पुन्हा या उंबऱ्यात येणार नाही. देवीची शपथ!"

भिकीबाईंचे डोळे चमकले.

"कबूल! सगळ्यांनी ऐकलंय. मिथुन, ने रे त्याला. एकदाची ही कटकट संपू दे."

पंधरा दिवसांनंतरची तारीख मिळाली. ते पंधरा दिवस घरात तिच्याशी कुणी बोललं नाही. दोन बुधवार ओटा रिकामा राहिला. ती तक्त्याखाली एकटीच बसून बाटल्यांची बुचं पुन्हा घट्ट करत होती. पहाटे देवापुढे दिवा लावून ती हात जोडायची, आणि तिच्या ओठांवर एकच मागणं असायचं... "आई महालक्ष्मी, मला खोटी पाड. माझं घर गेलं तर जाऊ दे, पण माझा शब्द खरा करू नकोस." आणि मागता मागताच तिला राग यायचा, देवीचाही यायचा! "तुला तर सगळं दिसत होतं ना गं? मग सहा महिने का घालवलेस?" असं म्हणून ती डोळे पुसायची आणि चहा टाकायला उठायची.

मोठ्या दवाखान्यात बाळ्याला औषधाने निजवून डोक्याला वायरी चिकटवल्या. मशीन बराच वेळ रेघा काढत राहिलं. मग डॉक्टरबाई बाहेर आल्या.

"दोन्ही कानांनी ऐकू येत नाही त्याला. जन्मापासूनच असावं," त्या म्हणाल्या. "यापूर्वी घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

शितलने पदर तोंडाला लावला.

"आधी आणायला हवं होतं. पण अजून वेळ गेलेली नाही. कानाला मशीन लावू, पुढचं काय ते पाहू, आणि घरच्यांनी रोज त्याच्यासमोर बसून बोलायचं, खेळायचं. आता एक दिवसही घालवू नका."

सुषमा जिंकली होती! पण असल्या विजयाचं करायचं काय? तेवढ्यात सासूबाईंचा आवाज कडाडला.

"झालं समाधान? बोलून बोलून खरं केलंस ना शेवटी!"

"बास, आई!"

ती शितल होती. कधी मान वर न करणारी शितल!

"जन्मापासून आहे, ऐकलं नाही तुम्ही? आणि मला माहीत होतं... मला माहीत होतं, आई! हंडा पडला तरी तो झोपून राहायचा. टोपली पडली तेव्हाही पाहिलं मी. मी त्याची आई, आणि मी गप्प बसले, कारण ताईंना तुम्ही जे बोलता ते उद्या मला बोलाल, याची भीती वाटली मला!" ती कोसळली आणि सुषमाच्या पायांना तिने मिठी घातली. "ताई, मला माफ करा हो..."

सुषमाने तिला उठवलं नाही. नाही उठवलं!

"पाया पडू नकोस," ती दात आवळून म्हणाली. "पाया पडून सहा महिने परत येणार आहेत? तू एकदा माझ्या बाजूने उभी राहिली असतीस, शितल... एकदाच!" आणि मग तिलाच हुंदका आवरेना. जावेच्या शेजारी ती फरशीवर बसली आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

बाळ्या जागा झाला होता. मिथुनने त्याला बाकड्यावर बसवलं. भिकीबाई उठल्या, त्याच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हात पाठीशी बांधून घेतले.

"बाळ्या..."

पोर आपल्या पायाचा अंगठा चाचपत होतं.

"बाळ्या! ए राजा! अरे, बाळ्या रे!"

दवाखान्यातली माणसं वळून बघू लागली. ओरडून ओरडून म्हातारीचा आवाज फाटला, पण समोरची ती इवली मान वळली नाही. मग त्या मटकन खाली बसल्या.

"सुषमा," त्यांनी विचारलं, "इतके दिवस मी हाक कुणाला मारत होते गं?"

सुषमाने पाण्याची बाटली पुढे केली.

पुढचा बुधवार. मशीनसाठी कानाचं माप देऊन झालं होतं. ओट्यावर तिघीच आल्या होत्या; शितल बाळ्याला समोर बसवून, त्याला ओठ दिसतील असं, एकेका वस्तूचं नाव घेत होती. कुंपणापाशी हर्षदा नावाची एक कोवळी आई लेकीला छातीशी धरून घुटमळत होती.

"ये ना आत," सुषमा म्हणाली.

"नको ताई. दहा महिन्यांची झाली, अजून मान नीट धरत नाही हो ही... पण सासूबाई म्हणतात, तिथे गेलीस तर घरात घेणार नाही."

कोपऱ्यात तांदूळ निवडणाऱ्या भिकीबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"कोण म्हणतं? तुझी सासू, धाकली? चल, बघतेच तिला!" त्या तरातरा निघाल्यासुद्धा. सुषमा चपला घालून मागे धावली.

"आई, हळू बोला हं. घाबरतील त्या."

"घाबरू दे! मला कुणी वेळेवर घाबरवलं असतं तर..."

"मी सांगत होते, आई."

भिकीबाई वाटेतच थबकल्या. सुषमाचा आवाज मृदू होता, पण त्यातला राग गेलेला नव्हता, आणि तो लपवायचा प्रयत्नही तिने केला नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "सांगत होतीस. ऐकत मी नव्हते."

दोघी पुढे चालू लागल्या. धाकलीच्या दाराशी येताच भिकीबाईंनी कडी जोरजोरात वाजवली आणि आतून पावलं ऐकू आली, तशी सुनेचा दंड धरून तिला पुढे केलं.

"तू बोल," त्या म्हणाल्या. "मी आहे मागे."