महिपतीआबांनी धरलेला सूर

कामशेतात माझं लाउडस्पीकरचं दुकान. लग्न असो, इलेक्शन असो, कर्णा माझाच. थापाही माझ्याच. लोहगडावर वाघाला मी बिडी पाजली, हे अर्ध्या मावळाला पाठ आहे. ही गोष्ट मात्र आजवर कुणाला सांगितली नाही; हिच्यात मी शूर नाही.

एकाहत्तरच्या श्रावणात मुंबईचे एक साहेब आले. त्यांना लाँगप्ले तबकडी काढायची होती. गाणं नाही, ताल नाही, नुसता एकच सूर, बेडशाच्या लेण्यात घुमून जाड झालेला. मी महिपतीआबांशी गाठ घालून दिली.

आबा तीस वर्षं सनईवाल्याच्या मागं बसून, बिनभोकाच्या पिपाणीवर एकच सूर धरायचे. हे काम असं, की डोळे मिटायचे, नाकानं श्वास घेत गालांतून फुंकत राहायचं, आणि आपण होऊन थांबायचं नाही. सनईवाला गुडघ्याला हात लावील तेव्हाच सोडायचं. त्या दिवशी सनई नव्हतीच. हात लावायचं काम माझ्याकडं.

वीस मिनिटांनी साहेबांनी मशीन बंद केलं, मला खूण केली. मी वाकलो आणि तसाच मागं सरलो. गंमत! साहेबांना डोळा मारून बाहेर नेलं, थर्मासातला चहा ओतला. म्हटलं, "बघू म्हातारा किती ताणतो!" आणि हसलो. समोर धुकं. आत तो सूर... डोंगरालाच कंठ फुटल्यासारखा. अर्धा तास.

परत जाऊन हात लावला तेव्हा आबांचे ओठ निळे पडले होते. धापा टाकत म्हणाले, "लय लांब तबकडी हाय रं साहेबाची..."

त्यांनी छाती धरली ती धरलीच. दिवाळीच्या आत गेले. त्यांची बायको, शालूमावशी, साहेबाच्या नावानं बोटं मोडायची. "मुंबैवाल्यानं माज्या मानसाचा दम पिळून घेतला!" आणि मी मान डोलवायचो. "व्हय मावशी. मोठी मानसं ती."

पुढल्या आषाढात नवी तबकडी पोष्टानं आली. काळं पाकीट, वर चित्र नाही. खबर लागली तशी मावशी भर दुपारी दुकानात हजर. बाकावर बसली, पदर सारखा केला.

"लाव. आयकू दे."

सुई टेकली. सूर आला, हळूहळू दुकान भरत गेला. ओल्या दगडाचा, वटवाघळांचा वास आला. म्हटलं, पावसाळाच आहे. मावशीचा चेहरा उजळला होता.

"तीस वर्सं समदी सनईवाल्याकडं बगायची. आज बग, नुसता ह्योच!"

मला वर बघवेना. बाजू संपून सुई मध्यावर गेली. मी उचलली.

सूर थांबला नाही.

वायर उपटली. तबकडी फिरायची थांबली. सूर चालूच... मावशीला यंत्रातलं काय कळणार? ती डोळे मिटून डोलत होती. आणि त्या सुराच्या तळाशी, लांबून, कपाचा आवाज आला. मग माणसाचा. "बघू म्हातारा किती ताणतो!" मग हसणं.

साहेबांचं मशीन तेव्हा बंद होतं. मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मावशीनं डोळे उघडले.

"अंबाजी... ह्यो तुजा आवाज न्हवं?"

जन्मात पहिल्यांदा मला थाप सुचली नाही.

"मावशी... साहेबानं कवाच थांबवलं व्हतं. म्याच हात लावला न्हाई. गंमत म्हनून... अर्धा तास."

सूर तुटला. आणि बाकाजवळ कुणीतरी श्वास घेतला. लांब, खोल. विहिरीच्या तळातून वर आलेला माणूस घेतो तसा.

मावशी उठली, पायरीवर जाऊन तिनं छत्री उघडली. बाहेर पाऊस कोसळत होता. मी मान खाली घातली होती; वर बघितलं तेव्हा ती पेठेच्या कडेनं चालली होती. छत्री तिनं सगळीच्या सगळी डाव्या बाजूला, रिकाम्या जागेवर धरली होती. स्वतः चिंब भिजत होती.

आणि दर चार पावलांवर, कुणाला तरी दम घेऊ द्यावा तशी, थांबत होती.