खांबाखालचा चौथा

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली. आत ती, फायलींचा ढीग आणि एक अनोळखी तरुण.

"झालं कल्याण!" ती म्हणाली.

"घाबरू नका." खांद्यावरची जड पिशवी खाली ठेवत त्याने स्क्रू-ड्रायव्हर काढला. "लिफ्ट दुरुस्त करणं हाच माझा धंदा आहे."

"मग ही बिघडली कशी?"

"ही माझ्याकडे नाही. असती तर बिघडली नसती…" तो हसला. "आणि आपली भेटही झाली नसती."

आगाऊच दिसतोय, असं तिने मनाशी म्हटलं खरं. पण लिफ्ट सुरू झाली तेव्हा तिला जराशी चुटपुटच लागली. आणखी थोडा वेळ अडकली असती तर काय आभाळ कोसळणार होतं?

गंमत म्हणजे दोघांना जायचं होतं ते एकाच दाराशी. विधी महाविद्यालयाच्या शेवटच्या मजल्यावर एक कोंदट खोली होती. न केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात पडलेल्या माणसांची प्रकरणं शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी त्यांच्या प्राध्यापक मॅडमच्या हाताखाली तिथे नव्याने तपासत.

"तुम्हीही इथेच?" तिने विचारलं.

त्याचं हसू मावळलं. "माझा दादा आत आहे," तो म्हणाला.

दादा रंगारी. एका संध्याकाळी कुणीतरी औषधांचं दुकान लुटलं, दुकानदाराचं डोकं फोडलं आणि पळताना पलीकडच्या दिव्याच्या खांबाखाली क्षणभर थांबला. समोरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून एका निवृत्त शिक्षिकेने ते पाहिलं. पुढे पोलिसांनी माणसं रांगेत उभी केली, तेव्हा दादाकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "हाच." बाई खोटं बोलत नव्हत्या हो! त्यांची तशी खात्रीच झाली होती. तेवढ्या एका शब्दावर दादा गजाआड गेला.

प्रकरण तिच्याकडे आलं आणि लिफ्टवाला दर आठवड्याला कामावरून सुटला की येऊ लागला. मॅडमचा नियम कडक होता. पक्षकाराच्या घरच्यांना एकट्याने भेटायचं नाही, आणि कामापलीकडे नातं तर नकोच. समोरचा वकील त्याचीच वाट बघत असतो. त्यामुळे जे काही होतं ते सगळ्यांच्या देखत, टेबलाच्या अलीकडून पलीकडे.

"वकीलबाई, फाईल उलटी धरलीये तुम्ही."

"मुद्दाम धरलीये. आणि मी अजून वकील झालेली नाही."

"मग काय म्हणू?"

त्याने काय म्हणावं, ते तिने मनात कधीच ठरवलं होतं. शेजारी बसलेली तिची मैत्रीण, सगळ्यांची 'बडबडी', टेबलाखालून पाय मारी आणि ही कान लाल करून पान उलटी. त्याच्या येण्याच्या दिवशी तिला खिडकीजवळच काम सुचायचं. कोपऱ्यावर तो ठिपक्याएवढा दिसला की मन ताळ्यावर यायचं. येडीच होती, दुसरं काय!

मग मॅडमनी चाचणी ठरवली. तीच खिडकी, तोच खांब, तशीच भुरभुर पावसाची कातरवेळ. खालच्या तरुणांनी रेनकोटची टोपी ओढून एकेक करून खांबाखाली थांबायचं आणि वर उभ्या विद्यार्थ्यांनी चेहरा ओळखू येतो का ते सांगायचं. खाली बडबडी, वर मॅडम. 'पुढचा सोडा' म्हणायला दोघींत फोन चालू.

आणि तिथेच बडबडीने शेण खाल्लं. ऐन वेळी एक मुलगा आला नाही. दिव्याचा उजेड तेव्हाइतकाच आहे ना, हे बघायला लिफ्टवाला आला होता. बडबडीने मॅडमना न विचारता त्यालाच रेनकोट चढवला आणि रांगेत घुसवलं.

पहिला गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. कुणालाच कुणी ओळखता आलं नाही. चौथा खांबाखाली येऊन थांबला आणि वर खिडकीतली ती पुढे झुकली.

"नाही ओळखता येत," एकेक जण सांगत गेला. मॅडम तिच्याकडे वळल्या.

'नाही' म्हटलं की संपलं. चाचणी बिनडाग, दादा घराच्या आणखी एक पाऊल जवळ. एवढासा शब्द, पण तो तिला म्हणवेना.

"ओळखलं," ती म्हणाली. "लिफ्टवाले आहेत ते."

"इतक्या लांबून? चेहरा तरी दिसतोय का?"

"चेहरा नाही दिसत. उजवा खांदा खाली पडतो त्यांचा… पिशवीच्या ओझ्याने. आज पिशवी नाही, तरी पडतोच. आणि उभे राहिले की मानेवरून हात फिरवतात. मॅडम, मी… दर आठवड्याला खिडकीत उभी राहते. याहून लांबून येताना बघते त्यांना. वाट बघते मी त्यांची."

मग फोनमधून बडबडीचा बारीक आवाज आला. "मॅडम… फोन चालूच आहे. इथे सगळ्यांना ऐकू गेलं."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

जिन्याच्या तळाशी तो उभा होता. रेनकोटातून पाणी ठिबकत होतं.

"एक 'नाही' म्हटलं असतंत तर काय बिघडणार होतं?"

"त्या बाईंनीही एकच शब्द म्हटला होता," ती म्हणाली. "तुमच्या दादाला मी तसल्याच शब्दावर सोडवू?"

त्याने रेनकोटची टोपी मागे सारली. मग हळूच म्हणाला, "आणि ते बाकीचं जे बोललात…"

"ते खरं होतं."

"माहितीये. म्हणूनच जास्त राग येतोय." आणि तो पावसात निघून गेला.

मॅडमनी घडलं ते सगळं जसंच्या तसं न्यायालयापुढे ठेवायचं ठरवलं आणि तिला प्रकरणातून बाजूला केलं. निकालापर्यंत भेट नाही, फोन नाही. दुसऱ्या फायली आल्या. ती त्या सरळ धरून वाचायची, आणि डोळे मात्र कोपऱ्यावर. त्याचा वार यायचा, कोपरा रिकामाच राहायचा. घरी आई म्हणे, "अगं, जेवतेस की ताटाशी खेळतेस?" काय सांगणार कपाळ!

सुनावणीची हकीकत बडबडीने आणली. मॅडम म्हणाल्या होत्या की, एवढ्या जणांना एकही परका माणूस ओळखता आला नाही. एकीने एकालाच ओळखलं, कारण ती त्याची दर आठवड्याला वाट बघते. मग त्यांनी शिक्षिकाबाईंना विचारलं, आरोपीला तुम्ही आधी कधी पाहिलं होतं? बाई म्हणाल्या, "कधीच नाही… मग माझीच चूक झाली असेल."

पुढे निकाल लागला. दादा निर्दोष. खोलीत नुसता जल्लोष! ती हसली, रडली, सगळ्यांच्या गळ्यात पडली. पण तो आला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

"गरज सरो, वैद्य मरो," बडबडी फणकारली.

"गप गं. दादाला बाहेर आणायची धावपळ असेल." ती म्हणाली.

एका संध्याकाळी पाऊस भुरभुरत होता. सवयीने ती खिडकीत गेली. कोपऱ्यावरच्या दिव्याखाली एका छत्रीत दोन माणसं येऊन थांबली. एकाचा उजवा खांदा खाली होता. त्याने मानेवरून हात फिरवला… आणि तिचा फोन वाजला.

"वकीलबाई, ओळखलंत?"

"एकाला," ती म्हणाली. "दुसरे कोण आहेत?"

"नीट बघा. भेटलायत तुम्ही त्याला तुरुंगात."

तिने काचेला नाक लावून पाहिलं. चेहऱ्याच्या जागी नुसता अंधूक डाग. "नाही हो ओळखता येत… शप्पथ!"

"दादा आहे," तो म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. "आत्ताच सुटला. पहिल्यांदा तुलाच भेटायचं म्हणतोय. म्हणे, जिला खोटं बोलता येत नाही, तिला."

ती रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळेना. "वर या ना दोघं. पण जिन्यानेच या… लिफ्ट पुन्हा अडकतेय."

"दादा येईल जिन्याने. मी लिफ्टनेच येतो. तू मला घ्यायला खाली ये, म्हणजे अडकलो तर दोघं अडकू."