कोपरचा पाच किलोचा डबा

यादीतलं दुकान नेमकं त्याच दिवशी बंद निघालं, म्हणून कृतिका शेजारच्या पायऱ्या चढली. नाहीतर कोपर स्टेशनजवळच्या त्या भांड्यांच्या दुकानाकडे तिने ढुंकूनही बघितलं नसतं!

गल्ल्यावरचा तरुण मान खाली घालून पातेल्यावर कुणाचंतरी नाव कोरत होता. मशीनची घरघर थांबली, त्याने वर बघितलं... आणि बघतच राहिला.

"पाच किलोचा स्टीलचा डबा, साध्या झाकणाचा. भाव काय?"

"सहाशे चाळीस. काढू?"

"घ्यायचा नाहीये. लिहून घ्यायचाय. पुढच्या महिन्यात परत येईन, हाच डबा विचारायला."

"आणि तेव्हाही घेणार नाही?"

"नाही."

"असं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघतोय," तो हसला. मेल्याच्या गालावर खळी पडते, हे कृतिकाने बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं.

ठाण्याच्या कोपरीची पोरगी ती, बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हे. तिथल्याच एका सर्वेक्षण ऑफिसात कंत्राटावर होती. महिन्यातून एकदा ठरलेल्या दुकानांत जायचं, ठरलेल्या वस्तूंचे भाव घ्यायचे, हे तिचं काम.

दुसऱ्या महिन्यात विनीतने – हो, एव्हाना नाव कळलेलं – स्टूल पुढे केलं. "पण ह्या डब्याचं करता काय तुम्ही?"

"प्रत्येक देश सांगतो, वर्षभरात आमच्याकडे एवढ्याचा माल बनला, एवढ्याची कामं झाली. पण आपण सांगणार रुपयांत, ते सांगणार डॉलरात. हे आकडे शेजारी शेजारी ठेवणार कसे? मग बघायचं, हाच डबा इथे कितीला, तिथे कितीला. असे शेकडो भाव जमले, की कुठला देश खरंच किती कमावतो ते कळतं."

"बाप रे! म्हणजे देशाची इज्जत माझ्या डब्यावर?"

"तुमच्या डब्यावर आणि माझ्या पेनावर. भाव बोला."

"सहाशे दहा," तो हळूच म्हणाला.

तिसऱ्या महिन्यात पाचशे ऐंशी. चौथ्या महिन्यात वेलचीचा चहा आला, गप्पा अर्धा तास रंगल्या, आणि डबा पाचशे पन्नासवर उतरला. कृतिकाने मुकाट्याने लिहिलं. खळी बघायची की आकडा बघायचा... माणसाने काय काय बघावं!

ऑफिसातल्या प्रशांत सरांनी मात्र आकडा बघितला.

"कल्याणला चढतोय, शहाडला चढतोय आणि तुमचा कोपरचा डबा दर महिन्याला उतरतो? घरी बसून आकडे भरता की काय? सोमवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर कंत्राट पुढे जाणार नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. उन्हातान्हात पायपीट करते मी, आणि घरी बसून? तशीच ती कोपरला पोचली. पायरीवर पाऊल ठेवते तोच विनीतचा आवाज कानावर आला. तो हौसाबाई नावाच्या एका म्हातारीला तोच डबा दाखवत होता.

"सहाशे साठ, हौसाबाई. एक रुपया कमी नाही!"

म्हातारी पैसे मोजून गेली. कृतिका कमरेवर हात ठेवून उभी.

"मला पाचशे पन्नास का सांगितलेत?"

विनीतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "म्हटलं... स्वस्त वाटला तर कधीतरी घ्याल. घेतलात तर नाव कोरून देईन. तेवढीच दहा मिनिटं जास्त बसाल..."

"तुमच्या दहा मिनिटांपायी माझी नोकरी चाललीय! खोटे आकडे भरते म्हणतायत मला. मला!"

त्याने फळीवरून चार महिन्यांची बिलबुकं काढली आणि शटर खाली ओढलं, भर दुपारी.

"चला. खोटं मी बोललोय, खुलासाही मीच देतो."

आणि दिला की पठ्ठ्याने! प्रशांत सरांच्या टेबलावर बिलं मांडली आणि आख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं बोलला, "खरे भाव हे आहेत, सर. यांना कमी सांगत गेलो, कारण... कारण मला या आवडतात."

कृतिकाला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, आणि त्याच वेळी मोठ्याने हसावंसंही वाटलं.

सरांनी चष्मा पुसला. "बिलांवरून आकडे दुरुस्त होतील. तुमचं कंत्राटही राहील. पण हे दुकान यादीतून बाद. भाव सांगणाऱ्याची आणि घेणारीची जवळीक चालत नाही. फॉर्मवर कारण लिहा."

म्हणजे आता कोपरला जायला निमित्तच उरलं नाही! कृतिकाने पेन उचललं. एकदा विनीतकडे बघितलं, सरळ डोळ्यांत, आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं – दुकानदाराशी नातं जुळत आहे.

रविवारी ती पुन्हा त्या पायऱ्या चढली. फॉर्म नव्हता, पेन नव्हतं.

"पाच किलोचा डबा. भाव काय?"

"सहाशे साठ," विनीत म्हणाला. "एक रुपया कमी नाही."

"शाब्बास. दे."

त्याने डबा पुसून मशीनखाली धरला. "नाव काय घालू?"

"आधी माझं. मग तुझं."

मशीन घरघरलं, थांबलं. "आणि... तारीख?"

"तेवढी जागा सोड," कृतिका स्टूल ओढून ऐसपैस बसली. "ती घरचे काढतील."