नाव घेऊन सांगजो

भोपाळला जायचं ठरलं आणि इसरूनं मोबाईलवर सगळा प्रवास मांडून टाकला. आलापल्लीहून एस.टी.नं बल्लारशा, तिथून रेल्वे, भोपाळला उतरलं की सिटी बसनं मोठा तलाव. वनखात्याची जीप चालवणाऱ्या माणसाला रस्त्याची कसली आली भीती? भीती होती ती मायच्या डोळ्यांची. धाकटा भाऊ गोपाल तिकडे बांधकामावर होता. तलावात पोहायला उतरला तो वर आलाच नाही. चपला काठावर सापडल्या, देह नाही. तेव्हापासून बुधरीमायच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

त्यांच्या घरात बुडालेल्याचा जीव घरच्याच माणसानं आणायचा असतो. नाव घेऊन हाक मारायची, पाण्यात तांब्या धरायचा, जे जितं आत येईल ते घेऊन घरी यायचं.

"वळण आलं का नाव घेऊन सांगजो," बुधरी म्हणाली. "गोपाल, इथी वळ. गोपाल, गाडीत बस. पाण्यातून उठलेल्याले रस्ता आठवत नाई."

"मोबाईलवर नकाशा हाय न, माय."

"त्याले दाखवशील तो नकाशा?"

इसरूचा यावर काडीचा विश्वास नव्हता. तो मायसाठी निघाला.

तलाव पाहून मात्र तो काठावरच थबकला. पलीकडचा काठ धड दिसत नव्हता. त्यानं हळूच गोपालला हाक मारली, तांब्या पाण्यात धरला. बऱ्याच वेळानं एक एवढासा झिंगा आत आला. झिंगाच तर आहे, असं स्वतःला बजावून त्यानं तांब्याला फडकं बांधलं.

पहिल्याच वळणावर तो "गोपाल, इकडे," म्हणाला, तशी कणसं भाजणारी बाई टकामका पाहू लागली. फोटो काढणारी पोरं हसली. इसरूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यानं शक्कल लढवली. मोबाईल कानाला लावला आणि कोणाला तरी रस्ता सांगत असल्याचं सोंग घेऊन, चारचौघांसारखं हिंदीत बोलू लागला.

"हां, आ जाओ. इधर से. मेरे पीछे पीछे चलो."

नाव तेवढं राहिलं. फोनवर दर वाक्याला नाव कोण घेतो?

तलावाच्या काठाकाठानं तो असा बोलत बरंच चालला. मग दमला आणि ऑटो केला. चढावर ऑटो घरघरत थांबला. ऑटोवाला उतरून चाकं पाहून आला.

"अकेले हो ना, भैया?"

इसरू हो म्हणाला. ऑटोवाला आरशात मात्र पाहत राहिला.

रेल्वेच्या जनरल डब्यात माणसावर माणूस होता. इसरूच्या बाकावर तेवढं कोणी टिकेना. एक बाई बसली आणि लुगडं झटकत उठली. इसरूनं हात फिरवला. बाक ओला होता, टोकापर्यंत. मांडीवरचा तांब्या बाहेरून कोरडा होता.

बल्लारशाला उतरताना तो सवयीनं मागं वळून म्हणाला, "उतरो."

भर दुपारी तो घरी पोचला. बुधरीनं तांब्या छातीशी धरला आणि पोटभर रडली. मग दार लावायला गेली आणि दार धरून तशीच उभी राहिली, पाहुण्यांना वाट द्यावी तशी. बराच वेळ.

"काय झालं, माय?"

"नाव घेतलं होतं न तू?"

"घेतलं न."

संध्याकाळी आतल्या खोलीत तिनं पीठ पसरलं, मधे तांब्या ठेवला, दार ओढून घेतलं. जीव घरी आला की पिठात पाऊल उमटतं. गोपालच्या डाव्या पायाची करंगळी लहानपणीच कुऱ्हाडीनं गेली होती. त्याचं पाऊल ती शंभरात ओळखणार होती.

सकाळी तिनं दार उघडलं. इसरू तिच्या खांद्यावरून डोकावला.

पिठात बोट टेकवायला जागा नव्हती.

बुटाचा एक ठसा. जोडव्याची खूण असलेला एक बाईचा. दोन लहान पोरांचे, एकमेकांना चिकटून. एकावर एक कितीतरी. सगळे आत येणारे.

बुधरी उकिडवी बसली. एकेक पाऊल पाहत भिंतीपर्यंत सरकली. चार बोटांचं त्यात एकही नव्हतं.

"माहा पोरगा तिथीच राह्यला," ती म्हणाली.

ती उठली. लग्नकार्यात भात शिजवायचा मोठा गंज काढून तिनं चुलीवर चढवला, त्यात पाणी ओतलं.

"किती जणायले बोलावलं तू?" तिनं विचारलं.

आतल्या खोलीत एक लहान पोर खोकललं.