सातव्या घड्याळाचं झाकण

वाचनालयात सगळे माना खाली घालून बसले होते, आणि समोरच्याचं मनगट अचानक किरकिरायला लागलं! बिचारा लालेलाल. घड्याळ झाकतोय, बाहीत कोंबतोय... मी सरळ त्याचा हात धरला आणि वरची कळ दाबली. ओळख नंतर झाली, हात आधी धरला. माझं सगळं असंच उलटं असतं.

"तुम्हाला कसं जमलं?"

"घड्याळं दुरुस्त करते. कोपऱ्यावर बाबांचं दुकान आहे ना, तिथे. चावीचं, गजराचं मनगटी घड्याळ! अशी किती आहेत?"

"सात," तो म्हणाला. पोरांचे मार्क सांगावेत तशा कौतुकानं.

पुढच्याच मंगळवारी त्यातलं एक घेऊन तो दुकानात हजर. गजर वाजत नव्हता. मग दुसरं. मग तिसरं. बिघाड एकच – झाकणावर आपटून आवाज करणाऱ्या इवल्याशा हातोडीचा स्क्रू ढिला. चौथ्या खेपेला नीट भिंग लावलं, तर स्क्रूच्या डोक्यावर ताजे ओरखडे. नवशिक्या हाताचे. मी बाबांना दाखवले.

"ताकाला येऊन भांडं लपवतोय," बाबा हसले. "विचार की सरळ."

"बोलेल तो, बाबा."

कसला बोलतोय! "आज हवा छान आहे" याच्यापुढे गाडी सरकेना. इकडे माझी गंमत अशी, की मंगळवारी दार वाजलं की चिमट्यातला स्क्रू टपकन खाली. आणि बघता बघता सातवं घड्याळ टेबलावर आलं. शेवटचं. यानंतर त्याला यायला कारणच उरणार नव्हतं, आणि मला तर तो हवा होता.

दुरुस्ती झाली की झाकणाच्या आतून आम्ही सुईनं बारीक तारीख कोरतो. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. झाकण उघडलं तरच. तारखेखाली मी कोरलं, 'शनिवारी अकरा वाजता. घड्याळ आणू नका.'

"आता बिघडायचं नाही हं," देताना मी म्हणाले.

"बघू..." तो पुटपुटला.

शनिवारी अकरा वाजले. अकरा पाच. बाबा उगाचच एका रिकाम्या डबीत भिंगातून बघत होते. अकरा दहा... आणि दार वाजलं. मनगट मोकळं, पट्ट्याच्या जागी फिकट खूण.

"घड्याळ नव्हतं ना, म्हणून उशीर झाला."

"झाकण का उघडलंत?"

"पुन्हा बिघडवायला. सातव्यापासून उलटं सुरू करणार होतो. आणखी सात आठवड्यांत बोललो असतो... खरंच."

"काय बोलला असतात?"

कान लाल झाले, पण नजर हलली नाही. "तुम्ही मला आवडता. वाचनालयात हात धरलात, तेव्हापासून."

"मग आता तुम्ही धरा," मी हात पुढे केला. त्यानं धरला – घट्ट.

बाबा खाकरले. "चहा सांगून येतो. त्याच्याकडचा स्क्रूड्रायव्हर तेवढा काढून घे."

त्यानं तो मुकाट खिशातून काढून दिला. एकाच हातानं. दुसरा मी सोडलाच नव्हता.